कायद्याने कोणीच नाही

"माझे हात बांधलेले आहेत," न्यायाधीशबाई ग्वेनकडे बघून म्हणाल्या. "या मुलीच्या आईशी तुमचं लग्न झालेलं नाही, मुलगी तुम्ही दत्तक घेतलेली नाही, तिच्याशी रक्ताचं नातंही नाही. मिशिगनच्या कायद्याने तुम्हाला हा दावा लावायचाच अधिकार नाही. मला वाईट वाटतं."

ग्वेन ट्रेव्हॅरो उठली, मांडीवरची लोकरी टोपी डोक्यावर ओढली आणि कोणाकडेही न बघता निघून गेली. मुलीची आई टाइमी लेहतो जिंकली होती. तिचे वकील बर्गडाल यांनी तिचा हात हातात घेऊन दाबला, आणि तिची आई एल्वी कोर्टाच्या पायऱ्यांवरच म्हणाली, "चल, घरी निसू भाजून ठेवलाय. पीडा गेली एकदाची."

वेलचीचा तो गोड पाव टाइमीच्या घशाखाली उतरला नाही. कोर्टातले आपलेच शब्द तिला राहून राहून ऐकू येत होते.

"ग्वेन ट्रेव्हॅरो या तुमच्या मुलीच्या, आइनोच्या, कोण?" बर्गडालनी विचारलं होतं.

"कोणी नाहीत."

"मग इतकी वर्षं तुमच्या घरात काय करत होत्या?"

"राहायच्या. पोरीला सांभाळायच्या."

"म्हणजे मुलं सांभाळणारी बाई असते, तशा?"

इथे टाइमीची नजर वर गेली होती. समोर ग्वेन बसली होती, आणि आता तरी ही खरं बोलेल, अशा आशेने बघत होती. ती आशा बघूनच टाइमीला आणखी राग आला. वर्षभरापूर्वी हीच बाई घर सोडून गेली होती, आता सरोवराकाठी एका नर्सबरोबर राहत होती, आणि तोंड वर करून शनिवार-रविवार पोर मागत होती!

"हो," टाइमी म्हणाली. "तसंच म्हणा."

खरं काय ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मूल हवं असं आधी ग्वेनला वाटलं होतं. तिला दिवस राहिनात, म्हणून टाइमीने आपलं पोट पुढे केलं. मिनेसोटातल्या वीर्यपेढीतून दाता निवडायचा होता, तेव्हा दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाद घालत होत्या. टाइमीला उंच हवा होता. शेवटी तीच म्हणाली होती, "उंची जाऊ दे. हा घेऊ. याचे केस काळे कुरळे आहेत, तुझ्यासारखे. पोर तुझी दिसायला हवी." आणि आइनो खरंच तशी निघाली. पेस्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांच्या, दुकानात टाइमीची गिऱ्हाइकं म्हणायची, "पोरगी अगदी ग्वेनवर गेलीय हं!" दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. टाइमीला मॉम आणि ग्वेनला मम्मा म्हणायला आइनो आपली आपणच शिकली.

त्या वेळी दोन बायकांचं लग्न या राज्यात होत नव्हतं, आणि लग्नाशिवाय दोघींच्या नावावर मूल दत्तक होत नव्हतं. पुढे कायदा बदलला. "या उन्हाळ्यात करू," असं दोघी दर उन्हाळ्यात म्हणत राहिल्या. मग भांडणं सुरू झाली आणि लग्न राहूनच गेलं. बर्गडालनी नेमकं तेच पकडलं. "लग्न झालं असतं तर अवघड होतं," ते खुशीत म्हणाले होते. "तुमचं नशीब चांगलं."

निकालानंतर टाइमीने शाळेला कळवलं, की ग्वेनला पोरीला भेटू द्यायचं नाही. रागाच्या भरात माणूस एक पाऊल टाकतं, आणि मग ते पाऊल बरोबर होतं हे दाखवायला दुसरं टाकावं लागतं. तसंच झालं.

ग्वेन रस्ते खात्यात बर्फ ढकलायचा ट्रक चालवायची. टाइमीच्या घरासमोरचा रस्ताही तिच्याच वाट्याला होता. तो ट्रक जाताना प्रत्येकाच्या फाटकाशी बर्फाचा बांध टाकून जातो, आणि मग लोक फावडी घेऊन शिव्या देत तो उपसतात. एकत्र राहत असताना ग्वेन आपल्या फाटकाशी ट्रकचं पातं उचलून घ्यायची. आता ती सूड घेणार, असं टाइमीने धरलंच होतं. निकालानंतर पहिलं मोठं वादळ आलं, तेव्हा सकाळी ती फावडं घेऊन बाहेर आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या दारात कमरेएवढे बांध होते. तिचं फाटक मोकळं होतं. टाइमी फावडं धरून तशीच उभी राहिली. कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. समोरचा म्हातारा ओरडला, "तुझी काय वशिलेबाजी आहे गं?" तिने मान खाली घातली आणि घरात गेली.

फेब्रुवारीत शाळेत मुलांच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. सगळं गाव व्यायामशाळेत लोटलं होतं. आइनो दुसऱ्या रांगेत उभी होती, डोक्यावर कागदाचा मुकुट. गाता गाता तिचा चेहरा एकदम उजळला, आणि तिने हात वर करून हलवला. टाइमीने वळून पाहिलं. पार मागे, दाराला टेकून, कामावरचं नारिंगी जाकीट घातलेली ग्वेन उभी होती.

टाइमीने तोंड पुन्हा पुढे वळवलं. पण एल्वीने मुख्याध्यापिकेच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. मुख्याध्यापिका बिचारी लालबुंद होऊन मागे गेली. गाणं चालूच होतं. तिचे शब्द ऐकू आले नाहीत, पण शेवटच्या रांगा वळून बघू लागल्या, मग त्यांच्या पुढच्या. ग्वेनने हुज्जत घातली नाही. मान हलवली, आइनोकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, म्हणजे गात राहा, आणि बाहेर गेली. आइनो गायची थांबली. बाकीची मुलं गात होती आणि ही दाराकडे बघत होती.

शेजारची बाई टाइमीपासून जरा सरकून बसली, की टाइमीलाच तसं वाटलं, कोण जाणे.

घरी जाताना गाडीत आइनोने विचारलं, "मॉम, मम्माने काय चोरलं?"

"काही नाही गं. का?"

"मग तिला बाहेर का काढलं? दुकानात चोरणाऱ्याला काढतात, तसं."

"तू गप्प बस हं राणी," एल्वी मागून म्हणाली. "मोठ्यांच्या गोष्टी आहेत."

"मी काढायला लावलं," टाइमी म्हणाली.

"का?"

टाइमीने गाडी रस्त्याकडेला घेऊन थांबवली.

"अगं, आता काय झालं?" एल्वी चिडली. "जिंकलीस ना? मग तोंड कसलं पाडतेस?"

"आई, मी कोर्टात खोटं बोलले. तुला माहीत होतं. तू समोर बसून मान डोलवत होतीस."

एल्वीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्याच दिवशी टाइमी बर्गडालकडे गेली. "हे उलटं करता येईल का? तिला आई म्हणून कागदावर आणायचंय."

वकिलांनी डोळे मोठे केले. "बाई, लग्न केल्याशिवाय नाही. करणार आहात का?" आणि तिचा चेहरा बघून ते नरमले. "हे बघा, तुम्ही पोरीला तिच्याकडे पाठवलंत तर कोणी अडवणार नाही. तुमच्या मागे पालक म्हणून तिचं नाव मृत्युपत्रात घालता येईल. पण हक्क म्हणाल तर तिला काही नाही. तुम्ही द्याल तेवढं तिचं. आणि उद्या मनात आलं तर काढूनही घ्याल."

"मी नाही काढून घेणार."

"तुम्ही म्हणता म्हणून तिने मानायचं," बर्गडाल म्हणाले. "दुसरं काय आहे तिच्या हातात?"

तिथून ती थेट रस्ते खात्याच्या गॅरेजमध्ये गेली. ग्वेन ट्रकच्या पात्याखाली वाकली होती, आणि दोन-तीन ड्रायव्हर कॉफी पीत उभे होते. टाइमीला बघून त्यांची बोलणी बंद पडली.

"बाहेर येतेस का जरा?"

"नाही," ग्वेन न उठता म्हणाली. "चारचौघांत बोललीस, तेव्हा मी ऐकून घेतलं. आताही चारचौघांतच बोल."

टाइमीच्या कानशिलांत जाळ उठला. ड्रायव्हर कपात बघू लागले.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. ते कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून मोठ्याने पुन्हा म्हणाली. "तू सांभाळणारी बाई नव्हतीस. तू तिची आई आहेस. मला ठाऊक होतं, तरी बोलले. आइनोला रविवारी तुझ्याकडे पाठवते. दर आठवड्याला. तुला हवं तेव्हा."

ग्वेन उठली. हात पुसायला तिला बराच वेळ लागला.

"दान देतेयस?"

"नाही गं."

"दानच आहे ते. घेणार मी. पोरीसाठी कोणाच्याही दारात हात पसरेन." तिचा आवाज जराही चढला नाही. "पण तुला माफ केलं असं समजू नकोस."

टाइमीने मृत्युपत्र केलं, शाळेला सांगितलं, आणि एल्वीचा अबोला सोसला. आइनो रविवारी जाऊ लागली, पुढे शुक्रवारी शाळेतूनच जाऊ लागली. पोर खुलली. टाइमीला वाटलं, आता हळूहळू मनावरचं ओझं उतरेल.

पण ग्वेन फोन करायची. खोकल्याचं औषध देऊ का? गोठलेल्या सरोवरावर मासे धरायला नेऊ का? नर्सच्या भाचीकडे वाढदिवसाला पाठवू का? सुरुवातीला टाइमीला वाटलं, ही टोमणे मारते आहे. मग तिच्या ध्यानात आलं, की ग्वेनच्या आवाजात टोमणा नाही, भीती आहे. एखादी गोष्ट न विचारता केली आणि पोरीचं येणं पुन्हा बंद झालं तर?

"अगं, विचारत जाऊ नकोस," टाइमी एकदा काकुळतीने म्हणाली. "तुझीच आहे ती."

"तोंडाने आहे," ग्वेन म्हणाली. "विचारलेलं बरं."

वसंतात रस्त्यांवर चिखल झाला, पुढे उन्हाळा आला, फोन चालूच राहिले. एका शनिवारी टाइमी दुकानात पेस्टीच्या कडा मुडपत होती, तेव्हा फोन वाजला.

"तिचा दात अगदी लोंबतोय," ग्वेन म्हणाली. "काढ म्हणून मागे लागलीय. काढू का?"

मागून आइनो ओरडत होती, "मम्मा, विचारतेस काय? ओढ ना!"

पिठाने भरलेला हात टाइमीने तोंडावर दाबला. समोर गिऱ्हाइक उभं होतं. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली.

"काढ," ती म्हणाली.

"थँक यू," ग्वेन म्हणाली आणि तिने फोन ठेवला.