भंडाऱ्याच्या नितळ पाण्यातला शिंपला

मी तापी नदीतला एक म्हातारा शिंपला आहे. मित्रांनो, माझ्यात मोती नाही, हे आधीच सांगून टाकतो. लोक उगाच आशा लावून बसतात.

नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि आमचं बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, त्या वर्षी इथल्या एका शाळेत प्रदर्शन भरलं. त्यासाठी काचेची मोठी पेटी आली. पाचवीला शिकवणाऱ्या मालतीबाईंनी मला नदीच्या गाळातून आणून तिच्यात ठेवलं.

आमच्या गावाला भंडाऱ्याच्या पाण्याचा भारी अभिमान. भंडारा म्हणजे गावाजवळचे जमिनीखालचे जुने बोगदे; त्यांतून येणारं पाणी फार नितळ. पाहुणा आला की त्याला कौतुकानं तेच पाजतात. मग मला तरी दुसरं कसं देणार? हेडमास्तर दत्तात्रय गुरुजींनी माझ्या पेटीत रोज भंडाऱ्याचं ताजं पाणी भरायला लावलं. लोक मला बघायला यायचे आणि मी मोठ्या ऐटीत बसायचो.

पण ऐटीनं पोट भरत नाही. आम्ही शिंपले गढूळ पाण्यातले बारीक कण गाळून खातो. त्या नितळ पाण्यात माझी उपासमार सुरू झाली. एरवी मी वाळूत अर्धा रुतून बसायचो, तोंड जरासं किलकिलं ठेवायचो आणि नुसती सावली पडली तरी चटकन मिटायचो. आता माझ्या मऊ पायात रुतायचं बळ उरलं नाही. मी वाळूवर आडवा पडलो आणि तोंड उघडंच राहू लागलं.

गुरुजींनी ते पाहिलं. ते म्हणाले, "बाई, हा तर मरून गेला. फेकून द्या, नाहीतर सारं पाणी खराब होऊन जाईल."

ओरडायला आम्हाला आवाज कुठला?

मालतीबाईंनी पेटीत हात घातला, माझ्या कडेला बोट लावलं आणि त्या थांबल्या. मी होती नव्हती ती ताकद लावून हळूहळू मिटलो.

"जिवंत आहे, गुरुजी," त्या म्हणाल्या. "मेलेला मिटत नाही, आणि त्याचा वासही येतो. हा आजारी आहे. उपाशी असेल. याला नदीचंच पाणी पाहिजे."

गुरुजींना ते लागलं. गावाच्या पाण्याला नावं ठेवता का, असं त्यांनी विचारलं.

"पाणी चांगलंच आहे. पण त्यात याचं जेवण नाही."

मग गुरुजींनीच तापीचं गढूळ पाणी आणवलं. हळूहळू मला तरतरी आली आणि एके दिवशी मी पुन्हा वाळूत रुतून बसलो. प्रदर्शन संपल्यावर मालतीबाईंनी मला स्वतः नदीत सोडलं.

मित्रांनो, त्या बाईंचं मला फार कौतुक वाटतं. मी आजारी पडल्यावर सगळ्यांनीच मला पाहिलं. पण मी ठणठणीत होतो तेव्हाही वर्गात जाण्याआधी त्या रोज माझ्यापाशी थांबायच्या, म्हणून मी मेलो नाही, आजारी आहे, हे त्यांना ओळखता आलं. मुका जीव पाळलात तर एवढं करा. तो धडधाकट असताना त्याच्याकडे नीट बघत जा.