सतरा पावलांवरचं सिंगापूर

दिवाळीच्या सुट्टीत रणजीत बायको-पोरीला घेऊन साताऱ्याहून नेरूळला वडिलांकडे आला, तेव्हा हौसेरावांनी सहल ठरवूनच ठेवली होती : शूटिंगच्या जागा. उरणच्या किनाऱ्यावर एकच हीरो दोन वेगवेगळ्या सिनेमांत मेला होता, तो खडक बघून झाला. नेरूळच्या ज्या बंगल्यात टीव्हीवरची सासू नऊ वर्षं कारस्थानं करत होती, तिथं आता दातांचा दवाखाना निघाला. आलोच आहोत तर म्हणून तेजश्रीनं सईची दाढ दाखवून घेतली.

"आता जुईनगर स्टेशन," हौसेराव म्हणाले.

"अण्णा, स्टेशनात काय बघायचं?" रणजीतनं घड्याळ पाहिलं. "संध्याकाळी निघायचंय आम्हाला."

"स्टेशन न्हाई. सिंगापूर."

तीस वर्षांपूर्वी एका सिनेमात हे स्टेशन सिंगापूरचा विमानतळ झालं होतं. परदेशी प्रवासी कमी पडले, म्हणून वाशीच्या मार्केटातून वीस माथाडी आणले, त्यांत हौसेरावही होते. सगळ्यांना भाड्याचे कोट घातले आणि हातात एकेक चाकाची बॅग दिली. "ॲक्शन!" म्हटल्यावर एकोणीस जण बॅगा ओढत निघाले. हौसेरावांनी मात्र सवयीनं बॅग उचलली, डोक्यावर घेतली आणि टायबिय सांभाळत सिंगापुरातून सरळ चालू लागले. डबा घेऊन आलेली त्यांची बायको राजाबाई खांबाशी उभी होती. ती खो खो हसत सुटली आणि ओरडली, "अवो, चाकं हायत की तिला!"

कट. तेवढा तुकडा टाकून दिला. सिनेमा आठवडाभर चालला आणि गेला.

राजाबाईही सई जन्मायच्या आधीच गेली. घरात तिचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला. त्यात ती पोलिसांनी नुकतीच पकडून आणल्यासारखी दिसायची. काल सईनं त्या फोटोकडे बघून विचारलं होतं, "आजोबा, आजी कधी हसायचीच नाही का?"

तेव्हापासून हौसेरावांना चैन नव्हतं. गाडीत त्यांनी पोरीला सगळी हकीकत सांगितली. फक्त राजाबाई काय ओरडली, ते गाळलं. माथाडीची काही इज्जत असते.

तिकीटखिडक्यांसमोरच्या हॉलमध्ये आल्यावर हौसेराव थबकले. खांबच खांब, आणि सगळे सारखे.

"कुठला खांब, आजोबा?"

"खिडकीपासनं सतरा पावलं. तेजश्री, गाडीतली तुमची लाल बॅग आना."

"अण्णा, नको हं," तेजश्री म्हणाली. "कपडे खाली काढून ठेवते आधी."

"कपडे असू द्यात. वजनाबिगार पाऊल बराबर पडत न्हाई."

त्यांनी बॅग डोक्यावर घेतली. सतरा पावलं मोजली. सतरावं पाऊल मोकळ्या फरशीवर पडलं. खांब अजून चार हात लांब होता. पुन्हा खिडकीपाशी जाऊन मोजली. पुन्हा तेच.

हौसेरावांनी बॅग खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. "तवा पाऊल लांब पडायचं," ते हळूच म्हणाले. "आता न्हाई घावायची जागा. चला, उशीर हुतोय तुमास्नी."

रणजीत बँकेत मॅनेजर होता. हॉलमध्ये दीडशे माणसं होती आणि त्यातली निम्मी आता त्यांच्याकडेच बघत होती. त्यानं एकदा घड्याळ पाहिलं. मग वडिलांना हाताला धरून उठवलं, बॅग उचलली, डोक्यावर घेतली आणि शर्टाची कॉलर नीट केली.

"तेव्हा किती वय होतं तुमचं?"

"अडतीस. तुझ्यायेवढंच."

रणजीत निघाला. मान ताठ, चेहरा कर्जाची फाइल बघताना असतो तसा. सई पुढं पळत गेली आणि वळून बघायला एका खांबाशी उभी राहिली. चौदा, पंधरा, सोळा. सतरावं पाऊल तिच्यासमोर पडलं आणि सई पोट धरून हसत सुटली.

"अहो पप्पा, चाकं आहेत तिला!"

हौसेरावांनी टोपी काढली.

"सई," ते म्हणाले, "अशी. अगदी अशीच हसायची."

"अगंबाई!" तेजश्री मोबाईलकडे बघत ओरडली. "रेकॉर्डिंग चालूच नाही झालं! परत एकदा करा ना!"

"ऱ्हाऊ द्या," हौसेराव टोपी घालत म्हणाले. "पैल्यांदाबी कुठं पिक्चरमदी आलं हुतं."