तीन शिफ्टची पुस्तकं

सोमवारी आम्रपालीनं पदर खोचला आणि शनिवारपर्यंत सासऱ्यांच्या तीनशे बारा पुस्तकांची नावं वाचकांच्या वेबसाइटवर चढवून मोकळी झाली.

लहानूबाबा प्लांटमधून रिटायर झाले, क्वार्टर सोडून स्मृती नगरात लेका-सुनेकडे आले, ते नऊ खोके घेऊनच. अकरा महिन्यांची उत्कर्षा रांगत खोक्यांपाशी जायची, कागद तोंडात घालायची. आम्रपालीचा जीव टांगणीला! म्हणून एक डोळा पोरीवर, एक मोबाइलवर ठेवून तिनं यादी केली आणि लेखकांच्या नावांप्रमाणे पुस्तकं वरच्या फळ्यांवर लावली.

रविवारी बाबांनी दोन-चार पुस्तकं काढली, परत ठेवली. सोमवारीही तेच. जेवताना पुस्तक न सोडणारा माणूस नुसता खिडकीबाहेर बघत बसला. तिच्या नजरेतून हे सुटणार कसं?

"कावून बाबा, वाचून नाही राहिले?"

"मले काही भेटूनच नाही राहिलं, बाई. तू मेहनत केली, म्हणून बोललो नाही."

"फोनमध्ये नाव टाका ना."

"नाव कोणाले याद आहे? मी शिफ्टनं ठेवत होतो. ए शिफ्ट करून दुपारी आलो का जाडी पुस्तकं. बी शिफ्टच्या आधी, सकाळी, कविता. रातच्या सी शिफ्टवरून आलो अन् झोप नाही लागली, का मंग हसवणारी. खोक्यावर लिहिलं होतं न!"

ए, बी, सी तिनं पाहिलं होतं, पण पॅकिंगवाल्याची खूण समजून खोके रद्दीत दिले होते. अशीच वाचणं सोडतात माणसं, तिला वाटलं. मग काही आठवून ती हसली.

"थांबा बाबा. कोणतं पुस्तक कधी चढवलं, ते साइटवर राहते. अन् मी एक खोका संपल्याबिगर दुसऱ्याले हात नाही लावला. आधी एचे सारे खोके, मंग बीचे, मंग सीचे."

तिनं यादी चढवलेल्या क्रमानं लावली. बाबा शेजारी बसले. "इथं ए संपलं... ही बी... हे आलं सी!" संध्याकाळपर्यंत साइटवर तीन कप्पे झाले आणि फळ्याही तशाच लागल्या.

"आता खुश?"

"एक कप्पा राहिला. मी रिटायर आहो न आता. जनरल शिफ्ट टाक."

"त्यात कोणतं?"

बाबांनी नातीकडे बोट दाखवलं. ती चित्रांचं पुस्तक चावून चावून ओलं करत होती. आम्रपालीनं पहिल्यांदाच ते हिसकावलं नाही. मान वाकडी करून नाव वाचलं आणि टाइप केलं.

तीनशे तेरा.