मी सुटायला हवं होतं

मित्रांनो, मी एक जुनी स्की आहे, आणि तीही भाड्याची. कोलोरॅडोमधल्या एका भल्यामोठ्या रिसॉर्टच्या दुकानात, मागच्या खोलीत, 'वापरू नका' अशी लाल चिठ्ठी बांधून मला भिंतीला टेकवून ठेवलंय. शेजारी माझी जुळी बहीण आहे. आठ दिवस झाले, तिच्याशीही मी धड बोललेले नाही. काय बोलणार? धक्काच असा बसलाय की अजून खरं वाटत नाही.

ज्यांनी बर्फाचा डोंगर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. स्की म्हणजे पायात अडकवून बर्फावरून घसरत खाली यायची लांबलचक फळी. माझ्या पोटात लाकूड आहे, दोन्ही कडांना पोलाद आहे. कारखान्यात गरम साच्यात दाबून मला घडवलं, तेव्हा कसं अंग शेकून निघालं ते मला चांगलं आठवतं. मराठी कुठून येते म्हणून विचाराल, तर भाड्याच्या वस्तूला सगळ्यांच्या भाषा येतात. रोज नवा पाय, रोज नवी भाषा!

माझ्या पाठीवर एक पकड असते. तिला बाइंडिंग म्हणतात. बूट घट्ट धरून ठेवणं हे तिचं काम, आणि माणूस वेडावाकडा पडला की त्याच क्षणी बूट सोडून देणं हे त्याहून मोठं काम. पाय पिळवटला आणि लांबलचक फळी तशीच पायाला राहिली तर काय होईल, विचार करा. किती ओढ बसल्यावर सोडायचं हे पकडीवरच्या आकड्यावरून ठरतं. आकडा लहान असला की पकड चटकन सुटते, मोठा असला की हट्टाने धरून बसते.

हा आकडा लावते डार्लीन. साठीची बाई, तीस वर्षं याच दुकानात. हातात पेचकस, नाकावर चष्मा. ती फॉर्म बघून आकडा लावते. फॉर्मवर वजन, उंची, वय, आणि सगळ्यात खाली तीन चौकोन. एक म्हणजे सावकाश जाणारा किंवा नवशिका. दोन म्हणजे मधला. तीन म्हणजे वेगात, अवघड उतारावर जाणारा. बस्स, एवढंच. माणूस जे लिहील ते डार्लीनने खरं मानायचं आणि डार्लीन जे लावेल ते मी.

सात हंगाम मी असे काढले. किती पाय आले, किती पडले! एक शाळामास्तरीण तर कोलांटी उडी घेऊन पडली. मी वेळेवर सुटले, आणि ती बाई बर्फात बसून पोट धरधरून हसली. संध्याकाळी डार्लीनने मला मेण लावताना म्हटलं, "शाबास गं म्हातारे." मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

त्या सकाळी दुकानात पुरुषोत्तमकाका आले. वय चोपन्न, राहणार ट्रॉय, मिशिगन. मोटारीच्या कंपनीत सीटबेल्ट तपासण्याचं काम करतात. हो, सीटबेल्ट! माणसाला कधी धरायचं आणि कधी सोडायचं हे ज्याला पोटासाठी रोज मोजावं लागतं, असा माणूस. बरोबर त्यांची बायको, सुमित्राकाकू. मुलगी अबोली डेन्व्हरला नोकरी करते, तिनेच दोघांना हौसेने बोलावलं होतं. ती बाहेर गाडीतून आपला स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पायांची एकच रुंद फळी, काढत होती.

बूट चढवता चढवता काका-काकूंचं जे बोलणं चाललं त्यावरून मला सगळं कळलं. अबोली सहा वर्षांची असल्यापासून काका तिला दर रविवारी बर्फाच्या टेकडीवर न्यायचे. ती वर जायची आणि हे खाली बाकावर. मांडीवर पुऱ्यांचा डबा, बाजूला चहाचा थर्मास, आणि अर्ध्या वर्गाची जॅकेट्स सांभाळायला. लेकीने वरून हात केला की यांनी खालून करायचा. अशी बारा वर्षं! आणि आता चोपन्नाव्या वर्षी यांच्या मनाने घेतलं की एकदा तरी तिच्याबरोबर वरून खाली यायचं. म्हणून जानेवारीत तीन रविवार त्याच टेकडीवर गुपचूप शिकले. काकू गाडीने सोडायच्या आणि थर्मास घेऊन बसायच्या.

"अहो, फॉर्म नीट भरा," काकू म्हणाल्या.

काकांनी नीटच भरला हो. वजन खरं, वय खरं. आणि तीन चौकोनांपैकी पहिल्यात, एक वर, व्यवस्थित खूण केली. मी काउंटरवरच आडवी पडले होते, माझ्या डोळ्यांदेखत केली. तेवढ्यात दार उघडून अबोली आत आली. गाल लाल, खांद्यावर बोर्ड. "बाबा! रेडी? आय ॲम सो एक्सायटेड!" आणि ती काकांच्या खांद्यावरून फॉर्मकडे वाकली.

काकांनी तळहात कागदावर ठेवला. ती वळून आईशी बोलायला लागल्यावर त्यांनी एकवरची खूण खोडली आणि तीनवर केली. दोनवर नव्हे, थेट तीनवर! मी थक्क झाले. डार्लीनने चष्म्यावरून बघितलं. "तीन? खरंच?"

"येस, येस," काका म्हणाले.

मागे पंधरा माणसांची रांग होती. डार्लीनने पेचकस फिरवला. पाचवर राहायला हवा होता तो आकडा सातवर गेला. मला ओरडावंसं वाटत होतं. पण फळी कुठे ओरडते?

आता डोंगर निवडायची वेळ आली. आमच्याकडे तीन डोंगर आहेत. पहिल्यावर बहुतेक हिरवी वर्तुळं, म्हणजे सोपे उतार. दुसऱ्यावर निळे चौकोन, म्हणजे मध्यम. तिसऱ्यावर काळे हिरे, त्याच्या वाटेला भल्याभल्यांनीही जाऊ नये. वर नेणाऱ्या लोंबत्या खुर्च्यांच्या लिफ्टखाली मोठा फलक आहे, तिथे तिघं उभी राहिली. काकांनी तर घरून नकाशा छापून आणला होता, रंगीत पेनाने रेघा मारून.

"सो बाबा, कुठे जायचं?" अबोलीने विचारलं. "पहिला एकदम चिल आहे."

"तू सांग. तुला कुठे आवडतं?"

"मला कुठेही चालेल."

"मलाही कुठेही चालेल."

"मी काय बाई, इथे खालीच बसणार," काकू म्हणाल्या. "तुमचं तुम्ही ठरवा."

चालेल, चालेल, चालेल! मित्रांनो, सात हंगामांत मी किती माणसं त्या फलकाखाली भांडताना पाहिली. नवरा-बायको हमरीतुमरीवर आलेले पाहिले. पण एकमेकांना इतकं जपणारं कुटुंब पाहिलं नव्हतं, आणि मला उगाच बरं वाटलं. मूर्खच मी.

शेवटी काका म्हणाले, "दुसऱ्यावर जाऊ. ब्लू आहे ना? ब्लू मी केलंय."

अबोलीने त्यांच्याकडे बघितलं. "शुअर, बाबा?"

"अगं, शंभर टक्के!"

खोटं नव्हतं ते. त्या टेकडीवरचा निळा चौकोन त्यांनी उतरला होताच. पण हे रंग जागोजाग वेगळे असतात हो! प्रत्येक ठिकाणी आपापल्या उतारांची आपापसात तुलना करून रंग देतात. मिशिगनची ती टेकडी म्हणजे दहा-बारा मजली इमारतीएवढी. तिच्यावर जो निळा, तो आमच्याकडे हिरव्यातही सोपा गणला जाईल. गावच्या शाळेत पहिला आला म्हणून कोणी थेट बोर्डात पहिला येत नाही. इतकं बारकाईने रेघा मारून आणलेल्या नकाशावर ही गोष्ट कुठेच लिहिलेली नव्हती.

लिफ्टच्या खुर्चीत काका आणि अबोली शेजारी शेजारी बसले. मी खाली लोंबकळत होते. काकांचा पाय थरथरत होता, मला स्पष्ट जाणवत होतं. पण आवाजात काय आनंद! "अबोली, इतकी वर्षं तुला खालून बघितलं गं," ते म्हणाले. "इथून कसं दिसतं ते आज कळलं." अबोलीने त्यांच्या हातमोज्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. खरं सांगते, त्या वेळी माझी भीती थोडी कमी झाली.

वर उतरल्यावर थोडी सपाटी आहे. काका निघाले. दोन्ही पाय फेंगडे, फळ्यांची टोकं जुळवलेली, नवशिक्याची चाल. अबोली मागून येत होती. तिने बघितलं. बघितलं म्हणजे नीट बघितलं, कारण ती बोर्डावर जागच्या जागी थांबली. मला वाटलं, चला, आता ही सांगेल, बाबा थांबा, आपण लिफ्टने परत खाली जाऊ. पण तिने काय म्हटलं माहीत आहे?

"नाइस, बाबा!"

आणि सपाटी संपली.

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. उतार असा सुरू झाला की काकांना वळताही येईना, थांबताही येईना. "अरे, अरे," म्हणत ते सुसाट सुटले. मागून अबोलीचा आवाज आला, "बाबा, फॉल! जस्ट फॉल!" थांबायला मुद्दाम पडणं एवढाच उपाय उरला होता. माझी कड बर्फात रुतली, काका डावीकडे कोसळले आणि त्यांचा उजवा पाय माझ्यासकट उलटा फिरला. बहीण सुटली. तिच्यावर झटका मोठा बसला, ती बरोबर सुटली. मला सुटायचं होतं, देवाशप्पथ सुटायचं होतं. पाचला केव्हाच सुटले असते. पण सातपर्यंत ओढ पोचण्याआधीच हाड मोडलं. तो आवाज मी ऐकलाय. माझ्या अंगातून गेला तो.

काका बर्फात पडून म्हणत होते, "काही नाही, काही नाही झालं." चेहरा पांढराफटक, आणि काही नाही म्हणे! अबोली गुडघ्यांवर घसरत आली, तिने माझी पकड दाबली, तेव्हा कुठे मी त्या पायापासून वेगळी झाले. बचाव पथकाची माणसं घसरगाडी घेऊन आली. पायाला आधाराच्या पट्ट्या बांधून काकांना आडवं करून नेलं. अबोली गाडीशेजारून चालत, रडत खाली गेली.

दुपारी अबोली आणि काकू आम्हाला दुकानात परत घेऊन आल्या. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून आत सळई घालायची होती. डार्लीनने मला यंत्रावर चढवलं आणि पकड तपासली. सातला लावली होती, बरोबर सातलाच सुटली. यंत्राच्या लेखी मी निर्दोष! मग तिने फॉर्म काढून काउंटरवर ठेवला. एकवरची खोडलेली खूण, तीनवरची गडद खूण.

"किती वेळा स्की केलंय त्यांनी?" डार्लीनने विचारलं.

"तीन वेळा," काकू हळूच म्हणाल्या.

अबोली गर्रकन वळली. "आई! यू न्यू? तुला माहीत होतं?"

"मीच तर सोडायला जायचे गं," काकू म्हणाल्या. "सकाळी दहादा तोंडापर्यंत आलं होतं. पण इतके हौसेने निघाले होते. म्हटलं, लेकीसमोर कशाला त्यांना कमीपणा आणायचा."

अबोलीने फॉर्म उचलून त्या खुणांकडे बघितलं. तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून मी यंत्रावरून घसरायचीच राहिले. "आई, मलापण कळलं होतं. वरतीच. त्यांचे पाय बघून कळलं. आय कुड हॅव स्टॉप्ड हिम. पण ही वॉज सो हॅपी, आई. मी काय म्हटलं माहीत आहे? आय सेड नाइस. नाइस, बाबा!" मग ती म्हणाली, "मला पहिल्याच डोंगरावर जायचं होतं. मी त्यांना शिकवणार होते. लहानपणापासून वाटायचं, बाबांनी बाकावरून उठून माझ्याबरोबर यावं. ग्रीनवर, हळूहळू."

काकूंनी तिला जवळ घेतलं. डार्लीनने चष्मा काढून पुसला आणि स्वतःशीच म्हणाली, "मी आणखी एकदा विचारायला हवं होतं." मग पेचकस घेऊन तिने माझा आकडा सातवरून पाचवर आणला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

या अपघाताची चौकशी संपली की मला मोडीत काढतील असं ऐकते. इथे जुन्या स्कींची बाकं करतात. खुशाल करा. मला त्याचं काही वाटत नाही. मला वाईट वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं.

मित्रांनो, कुठलाही फॉर्म भरताना, मग तो फळीचा असो की औषधाचा, जे खरं आहे तेच लिहा. नवशिके असाल तर एकवर खूण करा आणि ती खोडू नका. आणि तुमचं माणूस चुकीचा डोंगर चढतंय असं दिसलं, तर त्याला वाईट वाटेल म्हणून "चालेल" म्हणू नका, "छान" म्हणू नका. वाटू दे वाईट. घटकाभर रुसेल, बोलणार नाही, नंतर येईल ताळ्यावर. काकांना माहीत होतं, काकूंना माहीत होतं, अबोलीला माहीत होतं, डार्लीनला शंका आली होती. सगळी एकमेकांवर जीव टाकणारी, भली माणसं, आणि सगळी गप्प. त्या दिवशी ज्यांना तोंडच नाही अशा तिथे आम्ही दोघी बहिणीच होतो.