कोऱ्या पानावरची सही

मोरदरीच्या जिल्हा परिषद शाळेत दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी व्यवस्थापन समितीची बैठक भरायची, आणि बहुतेक गावांतल्या बैठका संपतात तशीच संपायची. चहा यायचा. कुणाची पुसदची बस निघत असायची, कुणाला ढोरं सोडायची आठवण व्हायची. "सह्या करून ठेवा, मजकूर मागून लिहितो," असं म्हणत रजिस्टर हातोहात फिरायचं आणि सगळे सही ठोकून उठायचे. तुम्हीआम्हीही हे केलेलंच आहे. सहीला असा कितीसा वेळ लागतो!

सत्यभामा मुनेश्वर या समितीची अध्यक्ष होती. गावात तिची पिठाची गिरणी, शिक्षण दहावी, मुलगी समीक्षा याच शाळेत चौथीला. अध्यक्षपदासाठी तिचं नाव पुढं आलं तेव्हा ती गांगरून गेली होती. पण सदाशिवराव गुरुजींनी धीर दिला होता.

"अवं, भितं कायले? कायदा माह्याकडं, लोकं तुह्याकडं. तू फक्त उभी राह्य."

गुरुजी म्हणजे तिला पहिलीपासून शिकवलेले मास्तर. निवृत्तीनंतर समितीत शिक्षणतज्ज्ञ म्हणून आले होते. नवा शासन निर्णय निघाला की ते पुसदहून छापून आणायचे आणि बैठकीत मोठ्यानं वाचायचे. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बाया हव्यात, लहान लेकराला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळणं हा त्याचा हक्क आहे, हे सगळं सत्यभामेला गुरुजींकडूनच कळलं होतं. त्यांच्याच सल्ल्यानं समितीनं वर्षाची उद्दिष्टं ठरवली होती. त्यातलं पहिलं तांड्याचं होतं : आईबाप ऊसतोडीला गेले तरी तांड्यावरचं एकही लेकरू शाळा सोडणार नाही.

तांडा गावापासून तीन किलोमीटरवर, नाल्यापलीकडं. तिथं पहिली ते चौथीचा वर्ग होता. एक शिक्षक, अकरा लेकरं. तो वर्ग मोरदरीच्याच शाळेला जोडलेला, म्हणून समितीही एकच; पट मात्र वेगळा. सत्यभामा घरोघर फिरली. दिवाळी झाल्यावर उत्तमसिंग राठोड बायकोला घेऊन कोल्हापूरकडं उसाला निघाला, तेव्हा पहिल्यांदाच त्यानं दोन्ही लेकरं, वैष्णवी आणि तिचा धाकटा भाऊ, म्हाताऱ्या आईजवळ ठेवली.

"ताई, तुह्या भरवशावर ठेवून राह्यलो," तो म्हणाला होता.

"निर्धास्त जा, भाऊ," सत्यभामा म्हणाली होती.

जानेवारीत एका सकाळी उत्तमसिंगची आई बिजलीबाई गिरणीच्या दारात येऊन उभी राहिली. ती समितीची सभासदही होती, पण नाला ओलांडून बैठकीला येणं तिला जमत नसे. हातात दळण नव्हतं.

"शाळेले कुलूप लागलं, बाई," ती म्हणाली. "मास्तर म्हणते, आता लेकरं गावात पाठवा."

सत्यभामेनं गिरणी बंद केली आणि तशीच, पिठानं भरलेल्या हातांनी शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी बुचकळ्यात पडून फाईल पुढं केली.

"मॅडम, तुमचाच ठराव आहे हा."

तिनं वाचलं. 'तांड्यावरील सर्व पालकांच्या संमतीने तेथील वर्ग गावच्या शाळेत समाविष्ट करावा, असे सर्वानुमते ठरले.' तारीख नोव्हेंबरच्या अखेरची. खाली उपस्थित पालकांची नावं, त्यात उत्तमसिंग राठोड. तो तर त्या दिवशी दीडशे कोसांवर उसाच्या फडात होता! अक्षर गुरुजींचं होतं. तिला पाटीवर अक्षरं गिरवून दिली होती तेच वळणदार अक्षर. आणि सगळ्यात खाली सही होती, तिची स्वतःची, खरीखुरी.

तिला तो शनिवार आठवला. समीक्षाला ताप होता. तिनं उभ्याउभ्या कोऱ्या पानावर सही केली होती, आणि गुरुजी म्हणाले होते, "जा तू, पोरीले पाह्य. मी लिहितो."

ठरावाची नक्कल घेऊन ती सरळ गुरुजींच्या घरी गेली. ते ओसरीवर पेपर वाचत होते. तिच्या हातातला कागद बघून त्यांनी चष्मा काढला.

"बस."

"मी बसत नाई, गुरुजी. हे तुमी लिहिलं?"

"लिहिलं." त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "गावच्या शाळेचा पट घसरला होता. आपला एक शिक्षक जात होता, बाई. तांड्याची अकरा नावं इकडं आली अन् पद टिकलं. साठ लेकरांचं भलं झालं. तुह्यी समीक्षाबी त्यातच हाये."

"अन् तांड्याची लेकरं? सहा वर्षाचं पोरगं नाला उतरून तीन किलोमीटर येईन? कायदा तुमीच तर शिकवला मले!"

"येतीन हळूहळू. तशीबी ते लोकं किती दिवस शाळा शिकवते लेकरायले?"

जे तोंड बैठकीत हक्काच्या गोष्टी वाचून दाखवायचं, त्याच तोंडातून हे निघालं होतं.

"मले एकडाव इचारलं असतं, गुरुजी."

"तू नाई म्हटलं असतं," ते शांतपणे म्हणाले. "म्हणूनच नाई इचारलं."

घरी येऊन ती खूप रडली. गुरुजींनी फसवलं! ज्यांच्या शब्दावर ती डोळे मिटून चालली होती, त्यांनी तिच्याच हाताचा वापर करून घेतला होता. दोन दिवस तिनं गिरणी उघडली नाही. पंधरा दिवसांनी तांड्यावर गेली आणि बिजलीबाईच्या अंगणात बसून सगळं सांगितलं. म्हातारी आपली बाजू समजून घेईल, पाठीवरून हात फिरवेल, असं तिला वाटलं असावं.

बिजलीबाई ज्वारी पाखडत होती. सगळं ऐकून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"गुरुजीनं तुले फसवलं. खरं हाये," ती म्हणाली. "पण आमाले कोनं फसवलं, बाई?"

"म्हणजे?"

"आमी गुरुजीले नाई ओळखत. आमी तुले ओळखतो. माह्या पोरानं लेकरं गुरुजीच्या भरवशावर नाई ठेवली. कागदावर नाव तुह्यं हाये."

"मी वाचलं नव्हतं, याडी," तांड्यावर आईला म्हणतात तसं सत्यभामा म्हणाली. "पान कोरं होतं."

"कोरं होतं म्हणूनच तर कोनीबी काईबी लिहिलं! वाचून खोटी सही केली अस्ती, तर एकाच गोष्टीचं खोटं झालं असतं. कोऱ्यावर केली, तं ज्याले जे पायजे ते झालं." तिनं आत बोट केलं. घरात कुणीच नव्हतं. "चार दिवस वैष्णवी गेली गावात. पाचव्या दिवशी नाल्यात पाय घसरला. मंग माह्या पोरानं येऊन दोघायले फडावर नेलं. आता ते पोरगी तिकडं उसाचं वाढं गोळा करून राह्यली. तू रडू नको. रडून ते वापस येत नाई."

सत्यभामेचे डोळे खाडकन उघडले! इतके दिवस ती स्वतःला फसवली गेलेली समजत होती. पण तांड्यासाठी फसवणारी तीच होती. तिनं वाईट काही केलं नव्हतं. तिनं फक्त पाहिलं नव्हतं. आणि तेवढ्यानं अकरा लेकरांची शाळा गेली होती.

त्याच आठवड्यात तिनं गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. कुणाकडून लिहून घेतला नाही. 'हा ठराव बैठकीत झालेला नाही. ज्या पालकांची नावे आहेत ते त्या दिवशी जिल्ह्यात नव्हते. मी कोऱ्या पानावर सही केली, ही माझी चूक आहे.' शेवटचं वाक्य गाळ असं मुख्याध्यापकांनी सुचवलं. तिनं गाळलं नाही.

गावात बोभाटा झाला. "स्वतःच्या गावचा मास्तर घालवायले निघाली!" असं तिच्या तोंडावर म्हणणारे होते. काही घरांचं दळण दुसऱ्या गिरणीवर जाऊ लागलं. समीक्षानं एक दिवस विचारलं, "आई, माह्ये सर आता जातीन का?"

"जातीनबी," सत्यभामा म्हणाली. "पण दुसऱ्याची शाळा घेऊन आपली चालवाची नाई."

गुढीपाडव्याच्या सुमारास तांडा परतला. चौकशीला अधिकारी आले तेव्हा उत्तमसिंगनं फडावरची हजेरी दाखवली. सत्यभामेनं सगळ्यांसमोर उभं राहून आपली चूक सांगितली. गुरुजींनी मान खाली घातली आणि ठराव आपण लिहिल्याचं कबूल केलं. ते समितीतून गेले. त्यानंतर वाटेत भेटले तरी ते तिच्याशी बोलत नसत. तीही बोलत नसे.

जूनच्या अखेरीस शाळा उघडल्या आणि तांड्याचा वर्ग पुन्हा सुरू झाला. गावचा एक शिक्षक मात्र गेलाच. अकरांपैकी नऊ लेकरं परत आली. वैष्णवी आली, पण वाचायला पुस्तक उघडलं तेव्हा जोडाक्षरांवर अडून बसली. दोन बहिणी आईबापासोबत तिकडंच राहिल्या. त्यांचा पत्ता सत्यभामा अजून शोधते आहे.

जुलैची बैठक तिनं तांड्यावर घेतली. उत्तमसिंग आता सभासद होता. तिनं ठराव आधी पूर्ण लिहिला, मग मोठ्यानं वाचला, मग बिजलीबाईनं तो तांड्याच्या गोर बोलीत सगळ्यांना समजावून सांगितला. 'तांड्याचा वर्ग पालकांच्या सभेशिवाय हलवला जाणार नाही. पालक बाहेरगावी असतील त्या महिन्यांत असा कोणताही निर्णय घेतला जाणार नाही.' तिनं रजिस्टर उत्तमसिंगपुढं सरकवलं.

त्यानं पेन उचललं नाही. रजिस्टर शेजारच्या बारावी शिकलेल्या गोविंदाकडं दिलं.

"ताई, राग मानू नको. पह्यले यानं वाचू दे. तू जे वाचलं, तेच लिहिलं हाये का ते पाह्यतो."

हाच माणूस गेल्या वर्षी तिच्या नुसत्या शब्दावर लेकरं ठेवून गेला होता! तो विश्वास आता परत मिळायचा नव्हता. मग तिला वाटलं, हे बरंच झालं.

"वाच, गोविंदा," ती म्हणाली. "सावकाश वाच."

गोविंदा एकेक ओळ वाचत गेला, अंगणातली माणसं ऐकत राहिली, आणि सत्यभामा रजिस्टर परत येईपर्यंत थांबली.

बंधुभगिनींनो, कायदे पुष्कळ झाले आहेत आणि चांगलेही आहेत. पण जो कागद आपण वाचत नाही, त्यावर दुसऱ्याची मर्जी लिहिली जाते, आणि तिची किंमत बहुतेक वेळा त्या बैठकीत नसलेलं लेकरू मोजतं. ज्याच्यावर विश्वास आहे त्याचाही कागद वाचा. आणि कुणी आपला कागद वाचायला मागितला, तर राग धरू नका. कोऱ्या पानावर सही करू नका. तिथं पुढं कुणाचं नाव येईल, हे आपल्या हातात राहत नाही.