शिडीचं कार्ड

आमच्या इमारतीत जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिथे भंगार पडलेलं असायचं. गेल्या वर्षी सेक्रेटरींनी ती साफ करून घेतली आणि ठरवलं, की प्रत्येक घराने एक वस्तू तिथे ठेवायची. ज्याला लागेल त्याने न्यावी, वस्तूला बांधलेल्या कार्डावर नाव-तारीख लिहावी आणि परत आणून ठेवावी. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूसाठी प्रत्येकाने दुकान का गाठायचं, असं त्यांचं म्हणणं.

माझी धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहते. तिने ठेवली शिडी. रंगाचे डाग पडलेली, एक पायरी तारेने आवळलेली. मला हसूच आलं. मी जाऊन नवाकोरा व्हॅक्यूम क्लीनर आणला आणि मुद्दाम तिच्या शिडीला खेटून ठेवला. नवरा म्हणाला, खरेदी थांबावी म्हणून खोली काढली आणि तू खोलीसाठीच खरेदी केलीस. त्याला काय कळतंय!

खोक्यावर मी सूचनाही चिकटवल्या. हात धुऊन मगच धरावा, मुलांना लावू देऊ नये, होता तसाच खोक्यात ठेवावा. एकूण अकरा.

दोन महिन्यांत शिडीचं कार्ड भरलं, तिला दुसरं जोडलं. माझं कोरं. येता-जाता मी खोलीत डोकवायचे आणि शिडीवर नवं नाव दिसलं, की अंगाचा तिळपापड व्हायचा. शिडी जागेवर ठेवून लोक धाकटीला सांगायला वर जायचे, चहाला थांबायचे, हसण्याचे आवाज खाली माझ्या घरात यायचे. त्यातच माझ्या स्वयंपाकघरातला दिवा गेला. स्टुलावर चढूनही छताला हात पोचेना. नवरा शिडी आणायला निघाला, तर मी दार अडवलं. तिच्या कार्डावर आमचं नाव? मेले तरी नाही. चार महिने मी पॅसेजच्या उजेडात भाजी चिरली.

मग नोटीस लागली. वर्षअखेरच्या मीटिंगमध्ये, ज्या वस्तूला कुणी हात लावला नाही ती मालकाला परत देणार. सगळ्यांसमोर. सासूबाई धाकटीकडेच राहतात, त्याही येणार होत्या. त्यांच्यादेखत ते खोकं उचलून घरी न्यायचं? छे. दुपारी सामसूम बघून मी कार्डावर सात नावं लिहिली. मीटिंगला जे कधी फिरकत नाहीत त्यांचीच. प्रत्येकाचं अक्षर वेगळं, पेनही वेगळं.

मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी कार्ड वाचून माझं कौतुक केलं आणि सगळ्यांना दाखवायला म्हणून मशीनचं झाकण उघडलं. आत धुळीची कापडी पिशवी. पांढरीशुभ्र.

"सात घरं फिरून आलं, आणि धुळीचा कण नाही?" त्यांनी सहज विचारलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"काल मी धुऊन ठेवली ती," धाकटी म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जीव भांड्यात पडायला हवा होता, पण नाही पडला. तोंडावर पडले असते तरी परवडलं असतं, पण तिने झेलावं हे सोसवेना. त्यात भर म्हणजे सासूबाई तिच्याच पाठीवरून हात फिरवत होत्या, किती कामसू म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती क्लीनर घेऊन गेली आणि संध्याकाळी खाली घेऊन आली. मी दारातच उभी होते.

"ताई, या वेळी पिशवी धुतली नाही हं. राहू दे तशीच. कुणी उघडलंच, तर भरलेली दिसेल." एवढं बोलून ती वर गेली.

मी खोलीत जाऊन कार्ड बघितलं. सात नावांखाली आठवं तिचं. अख्ख्या कार्डावर एकच नाव खरं, आणि तेही मेलं तिचंच असावं? मी तिथेच उभी राहून रडले, रागाने की लाजेने कुणास ठाऊक. मग वरची सातही नावं खोडली. सूचनांचा कागद नखांनी खरवडून काढला. आणि शिडी उचलली.

शिडीला आता तिसरं कार्ड लागलं होतं, अजून कोरंच होतं. पहिल्या ओळीवर मी माझं नाव लिहिलं. अक्षर मात्र असं गिचमिड काढलं, की तिला काय, तिच्या बापालाही वाचता आलं नसतं.