टेकू

बसलिंगप्पाने सिमेंटचा खांब खांद्यावर घेतला आणि शीळ घालत हॉलच्या दारातून आत शिरला.

"मामा, अहो हळू! कुणी बघंल की!" मल्लिकार्जुन मागून पळत आला.

"बघू दे की. म्हणतील, बसलिंगप्पा या वयात तालीम करायलाय."

खांब म्हणजे बांबूचा सांगाडा, त्यावर गोणपाट आणि वरून सिमेंटचा हात. सात रस्ता चौकाजवळच्या आपल्या मंडपाच्या दुकानात बसलिंगप्पाने असे चार खांब केले होते. गणपतीत तो याच सामानातून कैलास पर्वत उभा करायचा, त्यापुढे खांब म्हणजे काय? त्याने तो जागेवर उभा केला आणि बुडात गुडघ्याइतकी वाळू भरली. वरचं टोक छताला लागत नव्हतं. मध्ये चांगली वीतभर फट राहिली होती.

"फटीचं काय?"

"झेंडूची माळ. लग्नात झेंडू उचलून कोण बघतंय बे?"

मल्लिकार्जुनने वर पाहिलं. मुंबईहून शिकून आल्यावर त्याने बांधलेली ही पहिलीच इमारत, समाजाचं मंगल कार्यालय. छताचे समोरासमोरचे दोन कोपरे जमिनीला टेकलेले आणि उरलेले दोन आभाळाकडे उचललेले. जाडी जेमतेम चार बोटं, आणि आत एकही खांब नाही. गावात तिचं नाव पडलं होतं 'वाळत घातलेली चादर'. चादरीखाली लग्न लावायला कुणी तयार होईना.

शेवटी समाजाचे अध्यक्ष सिद्रामप्पा यांनीच नातीचं लग्न तिथे धरलं, पण अट घालून. मधे चार खांब घाला, न्हायतर लगीन शेतात.

"उन्हानं हे छत जरा वर-खाली होतं, अण्णा," मल्लिकार्जुनने त्यांना हात जोडून सांगितलं होतं. "खाली खांब रोवला, तर नेमकं तिथंच तडकंल."

"तडकंल म्हणतोस, आन वर माझ्या नातीला त्याच्याखाली बसवतोस?" म्हातारा म्हणाला आणि पत्रिका वाटायला टेंभुर्णीकडे निघून गेला.

त्या दिवशी भाचा जेवला नव्हता. मामाने मात्र बांबू मोजायला घेतले होते.

लग्नादिवशी सिद्रामप्पा सगळ्यांच्या आधी आले. मे महिन्याचं ऊन सकाळीच चटकत होतं. त्यांनी प्रत्येक खांबाला खाली, गुडघ्याजवळ, काठी मारून पाहिली. वाळूने ठप्प आवाज दिला.

"चांगला भरलाय."

"तुमचा शब्द म्हणजे काय, अण्णा! पोटभर भरलाय," बसलिंगप्पा म्हणाला आणि हसू आवरायला तोंडात पानाचा विडा कोंबला.

हॉल भरला. लोक आत येताना वर बघायचे, मग खांबांकडे बघायचे आणि निवांत सतरंजीवर बसायचे. बसलिंगप्पाला ते बघून गुदगुल्या होत होत्या. अक्षतांची वेळ झाली तशी मागची गर्दी उठून पुढे रेटू लागली. सिद्रामप्पा पुढच्या खांबापाशी उभे होते. त्यांनी खांबाला पाठ लावली, एक हात मागे नेला, मान वर करून पाहिलं आणि तसेच राहिले.

अक्षता पडल्या, बँड वाजला. फोटोवाल्याने हाक मारली.

"अज्जा, या की! फोटो काढायलेत!" नात स्वतः ओरडली.

"गुडघा धरलाय. घ्या काढून तुमी."

फोटो आजोबांवाचून निघाला. नातीचा चेहरा जरा उतरला.

"म्हातारं भ्यालंय बघ," बसलिंगप्पा भाच्याच्या कानात खिदळला. "खांब सोडंना! गोणपाटाला मिठी मारून जीव वाचवायलंय."

मल्लिकार्जुनला हसू आलं नाही.

बाहेर मांडवात पंगती बसल्या. सिद्रामप्पा पंगतीलाही आले नाहीत. हॉल रिकामा झाला, सतरंज्यांवर नुसत्या अक्षता उरल्या, तेव्हा बसलिंगप्पा हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं ताट आणि तुपाची तांब्याची लोटी घेऊन आत गेला. म्हाताऱ्याला चिडवायला दोन-चार वाक्यं त्याने वाटेतच जुळवून ठेवली होती.

"अण्णा, खांबाला बी एक ताट आणू का?"

"ताट ठेव. पुढं ये. हितं धर."

बसलिंगप्पाने हात लावला. म्हातारा बाजूला झाला आणि खांबाचा सगळा कल त्याच्या तळव्यावर आला. बुडाचं गोणपाट उसवलं होतं, वाळू सतरंजीखाली पसरली होती, आणि वर माळ सरकून वीतभर फट उघडी पडली होती. त्याने दुसरा हातही लावला.

"कवापास्नं?"

"पोरीच्या डोक्यावर पहिली अक्षता पडायच्या आधीपास्नं." सिद्रामप्पा खांदा चोळत होते.

"आवाज द्यायचा की, अण्णा!"

"खांब पडला म्हटलं की छत पडलं म्हणून पळतात लोकं. बायका-पोरं तुडवली गेली असती. आन तुज्या भाच्याला या गावात कुणी गोठा बी बांधाय दिला नसता."

बसलिंगप्पाने खांब हळूच आडवा केला.

सिद्रामप्पा ताट उचलून चालू लागले. हॉलच्या बरोबर मध्यावर, छत जिथे सगळ्यात मोकळं होतं, तिथे त्यांनी मांडी घातली. उचललेल्या कोपऱ्यांतून येणारं ऊन छताच्या पोटावर पसरलं होतं. ते बराच वेळ वर बघत राहिले.

"बाकीचे तीन बी काढ," ते म्हणाले. "उजेड अडायलाय."

बसलिंगप्पा त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसला आणि हुग्गीवर तूप वाढू लागला. म्हाताऱ्याने बास म्हणून हात आडवा धरला. बोटांवर खांबाचे वळ उठले होते. बसलिंगप्पाने लोटी वर केली नाही. बोटांच्या मधून तो वाढतच राहिला.